दाराशी कोण आलंय? भयपट आणि भयकथांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी एकच ओळ छापली होती: २०२५ मध्ये तुम्हाला कशानं घाबरवलं, आणि त्याबद्दल माझ्याशी काय बोलावंसं वाटतं? सांगली-मिरजेतून उत्तरं येतील हे ठाऊक होतं. पण जत, पलूस, विटा, तासगाव आणि थेट साताऱ्याहूनही पत्रं आली. ‘नाव छापू नका, घरात हसतील’ असं बऱ्याच जणींनी लिहिलंय, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत. भयकथा आवडते हे सांगायला लाजायचं कारण नाही, एवढं मात्र आधीच सांगते. मी गावभागात बरीच वर्षं घरगुती वाचनालय चालवलं. सगळ्यात आधी कुठल्या पुस्तकांची पानं सुटायची, ते मला चांगलं माहीत आहे.

मावशी, लांबण न लावता २०२५ चा तुमचा एक नंबरचा भयपट सांगा. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मिरज)

‘सिनर्स’. नाव सांगून झालं, आता थोडी लांबण लावू दे.

रायन कूगलरचा हा सिनेमा एप्रिलमध्ये आला. साल १९३२, गाव अमेरिकेच्या मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल. शिकागोत पैसा कमावलेले दोन जुळे भाऊ गावी परततात, लाकूड कापायची जुनी गिरणी विकत घेतात आणि कापसाच्या शेतात राबणाऱ्या आपल्या काळ्या माणसांसाठी तिथं नाचगाण्याचा अड्डा काढतात. दोन्ही भाऊ मायकल बी. जॉर्डननंच केलेत. बराच वेळ नुसती उद्घाटनाची धावपळ चालते. मासे कोण तळणार, पाटी कोण रंगवणार, दारावर कोण उभं राहणार. एव्हाना ही सगळी माणसं आपल्या ओळखीची झालेली असतात, आणि मग अंधार पडतो.

माझ्या डोक्यातून न जाणारा प्रसंग असा. दारावर राखणीला ठेवलेला धिप्पाड कॉर्नब्रेड लघवीला म्हणून बाहेर जातो आणि परत येऊन चौकटीपाशी थांबतो. चेहरा तोच, आवाज तोच, कपडे तेच. ‘मला आत घ्या’ म्हणतो. वाट कुणी अडवलेली नाही, एवढा दांडगा गडी सहज आत येऊ शकतो, पण पाऊल टाकत नाही. आतली माणसं विचारतात, अरे मग ये की. तर म्हणतो, ढकलून येणं बरं दिसत नाही. इथं ना किंकाळी आहे, ना रक्त. एक ओळखीचा माणूस अदबीनं परवानगी मागतोय आणि बघणाऱ्याच्या पाठीतून कळ जाते.

बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही, हा व्हॅम्पायरचा, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा, जुना नियम. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’तही तो आहे. कूगलरनं त्या नियमाला नवं वजन दिलं. बाहेर उभे असलेले नुसते दात विचकत नाहीत. ते गातात, गोड बोलतात, ‘आमच्यात या, इथं काळा-गोरा भेद नाही’ असं आमिष दाखवतात. ज्यांनी जन्मभर तो भेद सोसलाय त्यांना ते खरंही वाटू शकतं. दार कुणी फोडत नाही, आतल्या माणसालाच ते उघडावंसं वाटतं. वर्षभरात जे जे मला भिडलं, त्या सगळ्यात कुठं ना कुठं हेच होतं, आणि पुढच्या उत्तरांतही ते येत राहील.

मराठीत बघण्यासारखं काही आलं का? की आम्ही हिंदी डबिंगवरच दिवस काढायचे? (गृहिणी, तासगाव)

आलं ना, ताई. ‘जारण’ बघा. जून २०२५ मध्ये आला, आता ओटीटीवर आहे. लहानपणी गंगुटी नावाच्या बाईनं आपल्यावर जारण, म्हणजे करणी, केलं, या भीतीनं पछाडलेल्या राधाची ही गोष्ट. राधा अमृता सुभाषनं केलीय, गंगुटी अनिता दातेनं.

अमृता सुभाषचं काम बघताना एक लक्षात आलं. ती घाबरल्याचा अभिनय करत नाही, घाबरलेलं लपवल्याचा करते. चारचौघांत हसत बोलता बोलता मध्येच तिची नजर हलते. ज्यांनी घरात असं माणूस पाहिलंय त्यांना ही नजर ओळखू येईल. हे खरंच जारण की मनाचा आजार, या दोन्ही वाटा दिग्दर्शक ऋषीकेश गुप्ते शेवटपर्यंत उघड्या ठेवतात. पुढचं सांगत नाही. उत्तरार्धात काही गोष्टी जास्त समजावून सांगितल्यासारख्या वाटल्या, तेवढं मला खटकलं. पण आपल्या भाषेत, आपल्या घरातल्या माणसांसारख्या माणसांवर इतक्या गांभीर्यानं भयपट काढला, याचा मला मनापासून आनंद आहे.

आणि हो, गुप्ते मुळात लेखक. त्यांचं ‘हाकामारी’ वाचलं नसेल तर मिळवा. त्याबद्दल खाली जतच्या प्रश्नात.

आमच्या साताऱ्यानं डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारखा माणूस दिला. अशा जिल्ह्याच्या शेजारी राहून भुताखेतांच्या गोष्टींचं कौतुक करणं तुम्हाला पटतं का? यानं अंधश्रद्धा वाढत नाही? (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. प्रश्न रास्त आहे.

डॉक्टरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. तो कायदा गोष्टी सांगण्यावर बंदी घालत नाही. भूत उतरवतो म्हणून माणसाला साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, अघोरी उपायांच्या नावाखाली लुबाडणं, हा त्यात गुन्हा आहे. माझीही रेघ तिथंच आहे. गोष्ट वाचणारा पुस्तक मिटतो आणि दिवा मालवून झोपतो. बुवा मात्र घरात शिरला की निघत नाही.

तरी तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. ज्या सिनेमात डॉक्टर मूर्ख ठरतो आणि शेवटच्या वीस मिनिटांत दाढीवाला मांत्रिक येऊन सगळं निस्तरतो, तो मला आवडत नाही. भीती दाखवायला माझी हरकत नाही, पण तिच्यावरचा गंडा-ताईत विकू नये. घाबरलेल्या माणसाला उपचाराची गरज असू शकते, हे ज्या गोष्टीत दिसतं ती मी आनंदानं शिफारस करते. ‘जारण’चा मला म्हणूनही अभिमान वाटतो. आपण दोघं एकाच बाजूला आहोत, सर.

‘वश’ बघू की ‘शैतान’? (दुकानदार, सांगली)

मूळ गुजराती ‘वश’ बघा. ‘शैतान’ हा त्याचाच हिंदी अवतार. माधवनचं काम चांगलं आहे, पण मूळ सिनेमा जास्त कोरडा आणि म्हणून जास्त भीतिदायक आहे. अनोळखी माणूस गोड बोलून घरात येतो, ‘शैतान’मध्ये तर मोबाईल चार्ज करायचा म्हणून, आणि मुलगी त्याचं ऐकू लागते. तिथं आपणही पाणी विचारलं असतं, बसा म्हटलं असतं. जानकी बोडीवाला दोन्हींत आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘वश’ला सर्वोत्कृष्ट गुजराती चित्रपटाचा आणि तिला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ‘वश लेव्हल २’ ऑगस्टमध्ये आला. सुरुवात जबरदस्त आहे, पण पहिल्या भागातली कोंडी तिथं नाही.

आमचं घर उसाच्या फडाला लागून. ‘छोरी २’ बघितल्यापासून सासूबाई संध्याकाळी मागच्या दारानं बाहेर पडेनात. तुम्हाला तो कसा वाटला? (शेतकरी कुटुंबातली सून, पलूस)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बारा-चौदा फूट वाढलेल्या उसात दिवसाही चार हातांवरचं दिसत नाही, तुम्हाला मी काय सांगायचं.

‘छोरी २’ मला ठीक वाटला, त्याहून जास्त नाही. सगळं मोठं केलंय, सेट मोठा, अंधार मोठा, माणसं मात्र लहान झालीत. तुम्ही मुळाकडे जा. दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी आधी मराठीत ‘लपाछपी’ केला, २०१७ मध्ये थेटरात आला. पूजा सावंत आणि उषा नाईक. उसानं वेढलेलं एकटं घर, त्यात एक गरोदर बाई आणि तिची काळजी घेणारी एक प्रेमळ म्हातारी. पुढं ‘छोरी’ निघाला तो त्यावरूनच.

‘लपाछपी’ थेटरात आला त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यात, म्हैसाळला, ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. मी पिक्चर बघायला गेले तेव्हा ते डोक्यात होतंच. पडद्यावर उसातून लहान मुलांचे आवाज येऊ लागले तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईनं माझा हात धरला. दोघीही काही बोललो नाही. सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, ‘आमच्याकडं पण झालंय.’ आणि गेली.

भुताचं आपण काहीतरी देणं लागतो, म्हणून ते येतं. आपल्याकडच्या जुन्या गोष्टींतली हडळ, मुंजा, लावसट, कुणाचं काहीतरी राहून गेलेलं असतं. ‘लपाछपी’त ते देणं कुणाचं आहे हे जिल्ह्यातल्या प्रत्येकाला कळतं. मला अजूनही तो गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा मराठी भयपट वाटतो. सासूबाईंना दाखवा. त्या एखादे वेळी उठून जातील, किंवा काही बोलायला लागतील. बोलल्या तर मध्ये थांबवू नका.

माझी आजी सांगायची, दारावर ‘नाळे बा’ लिहिलं की ती परत जाते. ‘स्त्री’मधलं ‘ओ स्त्री कल आना’ इथूनच घेतलं का? (जत)

हो, गोष्ट तीच. नव्वदच्या दशकात कर्नाटकात ही आवई पसरली होती. रात्री एक बाई दारोदार फिरते, घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं. म्हणून दारावर लिहायचं ‘नाळे बा’, म्हणजे कन्नडमध्ये उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचते. जतकडं घरोघरी दोन्ही भाषा, त्यामुळे तुमच्या आजीकडं ती थेट आली असणार. ‘स्त्री’वाल्यांनी ती मध्य प्रदेशातल्या चंदेरीला नेली आणि २०२४ च्या ‘स्त्री २’मध्ये डोकं नसलेला सरकटा आणला.

आपल्याकडं तिची बहीण म्हणजे हाकामारी. ‘रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये’ हे माझ्या आईनंही मला बजावलेलं. ऋषीकेश गुप्ते यांनी याच नावाच्या पुस्तकात ही आवई घेऊन माणसांच्या मनात काय काय चालतं ते लिहिलंय. पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत होतं. दुपारी वाचा असं मुळीच सांगणार नाही, रात्रीच वाचा.

आजीला अजून काही आठवत असेल तर वहीत लिहून घ्या, कन्नडमध्ये असेल तर कन्नडमध्येच. या गोष्टी छापून आलेल्या नसतात.

२०२५ नारायण धारपांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. तुम्ही त्यांचं काय वाचलंत? आणि आता त्यांची पुस्तकं मिळतात का? (बँक कर्मचारी, सांगली)

तुम्ही विचारलंत, फार बरं केलंत. धारपांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. ते २००८ मध्ये गेले. एवढ्या वाचकांना जागं ठेवणाऱ्या लेखकाची शताब्दी आली नि गेली, आणि मला वाटतं तेवढा गाजावाजा झाला नाही. मी माझ्यापुरती साजरी केली. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत फक्त धारप वाचले. ‘लुचाई’, ‘शपथ’, ‘४४० चंदनवाडी’, ‘चेटकीण’, आणि मधून मधून समर्थांच्या, म्हणजे भुताखेतांशी लढणाऱ्या त्यांच्या नायकाच्या, कथा.

लोक म्हणतात, ‘लुचाई’वर स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ची आणि ‘शपथ’वर ‘इट’ची सावली आहे. आहेच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण दोन्ही वाचून बघा. धारपांनी तो अंधार उचलून पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडात आणून ठेवला. त्यांचा नायक नोकरीवाला, हिशोबी, चहा घेऊन पेपर वाचणारा. त्याला एखादी वास्तू स्वस्तात मिळते, किंवा मेलेल्या नातेवाइकाची किल्ली हातात पडते. धारपांची खरी करामत मला पहिल्या तीस पानांत दिसते. काहीच घडत नाही, फक्त एका खोलीत हवा जरा जास्त गार असते, एवढं ते इतक्या साध्या वाक्यात सांगतात की पान उलटताना आपण आपल्याच खोलीचा कोपरा बघतो. ‘तुंबाड’ सिनेमातल्या आजीचा धागाही धारपांच्या ‘आजी’ या कथेकडं जातो, जी स्वतः किंगच्या कथेवरून आलेली. गोष्टी अशाच घरं बदलत जातात.

शेवटाला धारप कधी कधी घाई करतात. समर्थ आले की आता सगळं ठीक होणार हे कळतं आणि माझी भीती ओसरते. रत्नाकर मतकरींचं तसं नाही. ‘खेकडा’ किंवा ‘मध्यरात्रीचे पडघम’ वाचल्यावर सोडवायला कुणी येत नाही. ज्यांना धारप पचले त्यांनी पुढं मतकरी घ्यावेत.

पुस्तकं मिळतात. साकेत प्रकाशनानं धारपांची बरीच पुस्तकं नव्यानं काढली आहेत. माझ्याकडच्या जुन्या प्रती मात्र राहिल्या नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ४० ला इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ. आम्ही रात्रभर एकमेकांना ‘किती झालं’ एवढंच विचारत होतो. खालचे दोन कप्पे वर हलवले, तिसऱ्याला वेळ मिळाला नाही. पाणी उतरल्यावर ती पुस्तकं विटेसारखी एकमेकांना चिकटलेली होती आणि पानांत गाळ. वर्षानुवर्षं वाचकांनी समासात लिहिलेलं होतं त्यांत, ‘इथं दिवा लावून ठेवा’, ‘पुढचं पान एकट्यानं वाचू नये’. नव्या प्रतींत मजकूर तोच आहे, छपाई स्वच्छ आहे, पण मला ती समासातली माणसं हवी होती. तुमच्या घरात धारपांची जुनी प्रत असेल तर रद्दीत घालू नका, एवढी विनंती.

इंग्रजीत नवीन काय वाचलंत? (आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, विश्रामबाग)

खास तुझ्यासाठी: ‘स्ट्रेंज हाऊसेस’. उकेत्सु नावानं लिहिणारा जपानी लेखक, पांढरा मुखवटा आणि काळे कपडे घालूनच समोर येतो. इंग्रजी भाषांतर २०२५ मध्ये आलं. सगळं पुस्तक घरांच्या नकाशांवर चालतं. विकाऊ घराचा एक आराखडा, वरवर अगदी साधा. मग कळतं, दोन भिंतींमध्ये कशालाच न लागणारी एक बंद जागा आहे. लहान मुलाच्या खोलीला खिडकी नाही. असं घर कुणी, कशासाठी बांधेल? मी कागद-पेन्सिल घेऊन आराखडा पुन्हा काढून बघितला. मध्यापर्यंत श्वास रोखून वाचलं, नंतरचा उलगडा जरा ओढून आणल्यासारखा आहे. तू वाचून कळव, मला एका नकाशा कळणाऱ्या माणसाचं मत हवंय.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. मित्रांनी बघितलं म्हणून भयपटासाठी हट्ट धरतो. दाखवू का? (आई, विटा)

आधी प्रमाणपत्र बघा. आता सेन्सॉर बोर्ड ‘यूए’मध्येही ७+, १३+ आणि १६+ असे भाग करतं. अकराच्या मुलाला १३+ दाखवायचं झालं तर शेजारी बसा, आणि त्याला नको वाटलं तर ‘भित्रा’ न म्हणता बंद करा.

माझं मत विचाराल तर आधी वाचून दाखवा. ऐकलेलं भूत मूल स्वतःला झेपेल एवढंच मोठं करतं. पडद्यावरचं भूत दुसऱ्यानं ठरवलेल्या मापाचं असतं, ते लहान करता येत नाही. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’चा प्रयोग जवळपास लागला तर जरूर न्या. चिंची चेटकीण बघून पोरं किंचाळतात आणि लगेच तिला उत्तरं देऊ लागतात. त्या वयाला अशीच भीती हवी.

तुम्ही स्वतः भुतं मानता का? (कवठेमहांकाळ)

नाही.

आमच्या भिशीच्या आठ जणी या महिन्यात मिळून एक भयपट बघणार आहोत. वर्षाची अट नाही. रक्त नको, अंगप्रदर्शन नको, पण भीती खरी हवी. (सांगली)

‘ब्रमयुगम्’. मल्याळी आहे, २०२४ चा, सोनी लिव्हवर मिळेल. पूर्ण कृष्णधवल, सव्वादोन तासांच्या आसपास, आणि माणसं मोजून तीन-चार. सतराव्या शतकातला मलबार. जीव वाचवून पळालेला एक गायक पडक्या वाड्यापाशी येतो. वाड्याचा मालक त्याला गाणं म्हणायला लावतो, जेवू घालतो, आसरा देतो. इतका मान त्या गायकाला जन्मात कुणी दिलेला नसतो. मग मालक फासे काढतो. पणाला लावायला तुझ्याकडं पैसा नाही, मग तुझा वेळ लाव, म्हणतो. मामुट्टीनं हा मालक केलाय. तो जेवताना हाड कसा फोडतो तेवढं बघा, बाकी काही सांगायला नको.

दिग्दर्शक राहुल सदाशिवन. त्याचाच ‘डीएस ईरे’ ३१ ऑक्टोबर २०२५ ला आला, प्रणव मोहनलालला घेऊन. तो पुढच्या महिन्याच्या भिशीला ठेवा. त्यात वाडा नाही, श्रीमंत माणसाचं झगझगीत नवं घर आहे, आणि सांत्वनाला गेलेला तरुण परत येताना सोबत काहीतरी घेऊन येतो. तिथं आवाज महत्त्वाचा, म्हणून मोबाईलवर बघू नका, टीव्हीला नीट स्पीकर जोडा. आणि ‘ब्रमयुगम्’ डब न करता मल्याळीतच ऐका, खाली अक्षरं येतात. मामुट्टीचं हसणं दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकण्यात काही राम नाही.